तिसरा खुंट

बाप म्हणायचा, फेरीबोट चालवायला
कुणीही शिकतो, चार दिवसांत.
थांबवायला अकरा वर्षं लागतात.

रायबंदरहून चोडण, चोडणहून रायबंदर,
पाळीत बावीस खेपा,
आणि बोटीला ब्रेक नाही.
घट्ट धरावं असं काही
पाण्यात नसतंच.
म्हणून तिसऱ्या खुंटापाशी,
जिथे खंड्या बसतो, आणि बसला नसेल तरी,
तो लिव्हर मागे घ्यायचा.
इंजिन गप्प.
मग ती लांबलचक वेळ,
जिच्यात कुणी काहीच करत नाही
आणि सगळं पुढे जात राहतं:
दोन मोटारी, पाववाल्याची सायकल,
शाळेच्या पोरी, गॅसचे सिलिंडर,
केबिनमध्ये स्टुलावर मी.

स्कूटरवाले त्या शांततेला फसायचे.
पोचलो समजून स्टँड काढायचे.
आपोलीन मात्र सुंगटांच्या पाटीला
टाच लावून बसलेली असायची.
बोट थांबते गो, ती मला सांगायची,
सुंगटां थांबत नाहीत.

आठवीत सरांनी पेल्यावर पुठ्ठा ठेवला,
पुठ्ठ्यावर नाणं,
आणि टिचकी मारली.
नाणं टणकन पेल्यात. वर्ग खूश.
फळ्यावर लिहिलं: जडत्व.
मला वाटलं, एवढंच?
हे तर आमच्या घरी पगारावर आहे.

एका सुकतीला बापाने नवा पोरगा चाकावर उभा केला,
यतिन, मयेचा.
त्याने खुंट जाऊ दिला, वाटलं अजून अंतर आहे,
आणि मग घाबरून उलटा गिअर टाकला.
रॅम्प धक्क्यावर आदळला.
पाटी निसटली
आणि अख्खी सुंगटं, काही अजून उडणारी,
आमच्या आधी चोडणला उतरली.
शिव्या अर्थात पोर्तुगीजमध्ये.
बाप खाली आला, गुडघ्यांवर बसून
एकेक सुंगट वेचू लागला.
यतिन रडायच्या बेतात.
बोट थांबवलीस रे तू, बाप त्याला म्हणाला,
वजन थांबवायचं राहिलं.

मी आता वेर्ण्याला ब्रेक तपासते.
ताशी साठ, कोरडा रस्ता, दोन माणसांचं ओझं.
ओल्या रस्त्याचं पान वेगळं.
शेवटच्या रकान्यात थांबण्याचं अंतर,
मीटरमध्ये, दोन दशांश स्थळांपर्यंत.
आकडा नीट आला की मी सही करते
आणि दर वेळी वाटतं
की आपण नुसतं चाकाबद्दल बोलतोय.

कारण बाप निवृत्त झाला त्याला चौदा महिने झाले.
बाल्कांवात वेताच्या खुर्चीत बसतो.
हातात पेपर, पण वाचत नाही.
सव्वाचारची फेरी निघाली की
थोड्या वेळाने त्याचा उजवा हात
खुर्चीच्या दांड्यावरून हळूच मागे येतो.
मग तो स्वस्थ.
आई चहा घेऊन आली तर
ती उंबऱ्यातच थांबते, कप हातात,
तिलाही कळलेलं आहे.
आणि पलीकडे रॅम्प टेकायच्या क्षणी
तो अंग किंचित मागे रेलतो,
एवढंसं,
आपल्याला दिसलंच नसतं
जर आपण त्या स्टुलावर वाढलो नसतो तर.

इंजिन बंद होऊन चौदा महिने.
हे अंतर कोणत्या रकान्यात भरू?

काल संध्याकाळी मी त्याच बोटीने घरी गेले.
चाकावर यतिन, आता पोट सुटलेला.
तिसरा खुंट नाही. गेल्या पुरात
एक सुटलेला रिकामा बार्ज येऊन आदळला
आणि खुंट घेऊन गेला.
नदी तिथे अगदी कोरी आहे.
यतिनने तिथेच लिव्हर मागे घेतला.

इंजिन गप्प.
शेजारच्या माणसाने स्कूटरचा स्टँड काढला.
थांबा, मी म्हटलं, अजून नाही.
त्याने माझ्याकडे पाहिलं, मग पाण्याकडे.
मी हेल्मेट मांडीवर घट्ट धरलं
आणि टाच
समोर कुणाचीच पाटी नसताना
लोखंडाला लावून ठेवली.